मगवरचा पाद्री आणि दहावं डुक्कर

एका डेरेदार झाडाखाली तीन माणसं उभी आहेत. शेतकऱ्याच्या हातात डुकराचं गुबगुबीत पिलू. समोर काळ्या झग्यातला, पोट सुटलेला पाद्री. शेजारी शेतकऱ्याची बायको, आणि तिच्या हातात तान्हं मूल. पायाशी गव्हाच्या पेंढ्या, अंड्यांची टोपली. पाद्री दशांश न्यायला आला आहे, म्हणजे दर दहा पिलांतलं एक त्याचं. बाई पिलू सोडायला तयार नाही. हे माझं दहावं लेकरू, आधी हे घ्या, मग पिलाचं बघू, असं म्हणत तिने मूलच पाद्र्याच्या पुढ्यात धरलं आहे. पाद्र्याला डुक्कर हवं आहे, मूल नको.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हा विनोद सर्वतोमुखी होता. लुई फिलिप बुआतार या चित्रकाराच्या चित्रावरून १७५१ साली तो कागदावर छापला गेला. पुढच्या दोन दशकांत डर्बीच्या पोर्सलीन कारखान्याने त्याच्या रंगीत मूर्ती केल्या, स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी स्वस्तातल्या आवृत्त्या काढल्या आणि बिअरच्या मगांवर, जगांवर तोच प्रसंग छापला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तो खपत होता. इतकी वर्षं खपणाऱ्या विनोदाच्या मागे नुसती गंमत नसते, कुणाचा तरी हिशेब थकलेला असतो.

तो हिशेब असा. इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशमध्ये शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चच्या नावाने द्यावा लागे. धान्य, गवत, लाकूड हा मोठा दशांश. लोकर, दूध, अंडी, कोंबड्या, डुकराची पिलं हा लहान दशांश, आणि तो बहुधा व्हिकरच्या, म्हणजे गावपाद्र्याच्या, वाट्याला येई. आपल्याकडच्या बलुत्याची इथे आठवण होईल, पण बलुतेदार निदान नांगराचा फाळ लावून देई, मोट शिवून देई. दशांशाला कामाचं बंधन नव्हतं. एखादा क्वेकर पंथाचा शेतकरी त्या चर्चचा उंबराही चढत नसे, तरी त्याच्याकडून दशांश वसूल होई. नाही दिला तर गुरं, भांडीकुंडी जप्त. तुरुंगात गेलेले क्वेकरही कमी नाहीत. शिवाय हा हिस्सा नफ्यातून जात नसे, एकूण पिकातून जाई. ज्याने कर्ज काढून खत घातलं, पाण्याचा निचरा केला, त्याचं पीक वाढलं की चर्चचा हिस्साही आपोआप वाढे. खर्चात मात्र चर्चचा हात नसे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात दशांशावर बोट ठेवलं ते याच मुद्द्यावर: जमीन सुधारणाऱ्याला तो शिक्षा करतो.

तेव्हा मगवरचं डुक्कर हे खरंखुरं डुक्कर होतं. ते चितारणाऱ्याला देव, बायबल, स्वर्ग-नरक यांच्याशी देणंघेणं नव्हतं. विडंबन वसुलीचं होतं.

आता दुसरी बाजू. ही भांडी घडवणारे कुंभार कोणी बंडखोर होते, असं आजच्या संग्रहालयांच्या दुकानांत फिरताना सहज वाटून जातं. तिथल्या मगांवर अशी जुनी चित्रं असतात आणि ती विकत घेताना आपण एखाद्या धाडसी परंपरेचे वारस असल्याचा सुखद भास होतो. इतिहास पाहिला तर तो भास टिकत नाही. कुंभार दुकानदार होते, आणि फार हुशार दुकानदार होते.

लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या जोडीचं उदाहरण घ्या. १७५६ साली त्यांनी शपथेवर लिहून दिलं की सहा तासांत आपण बाराशेहून अधिक फरशा छापल्या. युक्ती साधी होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात धातूच्या भस्माची तेलकट शाई भरायची, पातळ कागदावर ठसा उमटवायचा आणि कागद ओला असतानाच भांड्यावर दाबून चित्र उतरवून घ्यायचं. भट्टीत ते पक्कं होतं. हाताने रंगवणाऱ्या कारागिराला एका मगला जो वेळ लागे, त्यात डझनभर मग तयार. कुंभार जोसाया वेजवुड स्टॅफर्डशरमधल्या बर्स्लेमहून आपली फिक्या पिवळसर रंगाची भांडी गाडीने लिव्हरपूलला धाडी आणि छापून परत मागवी. तोवर खोदचित्र भिंतीवर लावणं ही पैसेवाल्यांची चैन होती. आता तेच चित्र सुताराच्या, विणकराच्या मेजावर आलं. एकदा पत्रा कोरला की त्यावर काय आहे याच्याशी भट्टीला कर्तव्य नसे. आज राजाचं चित्र, उद्या आरमारी विजयाचं, परवा पाद्र्याचं.

बर्स्लेमच्या एनॉक वुडची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली १७६० साली या कुंभारांच्या गावात प्रवचनाला आला, तेव्हा गर्दीतून त्याच्या डोक्यावर मातीचं ढेकूळ बसलं. पुढच्या वीस वर्षांत वारं असं फिरलं की त्याच बर्स्लेममध्ये १७८१ साली वेस्ली एनॉक वुडसमोर बसला आणि वुडने त्याचा अर्धपुतळा घडवला. तो अर्धपुतळा धर्मनिष्ठ घरांत दिमाखात मिरवला. आणि दारू पिऊन झिंगलेल्या पाद्र्याला त्याचा कारकून कंदील धरून घरी नेतो आहे, ही चिनीमातीची प्रसिद्ध जोडमूर्ती? तिच्याशीही याच एनॉक वुडचं नाव जोडलेलं आहे. त्याच गावच्या राल्फ वुडने ‘व्हिकर अँड मोझेस’ खपवली: वर व्यासपीठावर व्हिकर गाढ झोपलेला, खाली त्याचा कारकून मोझेस हात उंचावून प्रवचन देतो आहे. भाविकाला संत आणि टवाळाला पाद्री, एकाच गल्लीतल्या भट्ट्यांतून. यात दांभिकपणा शोधण्याचं कारण नाही. मागणी दोन्हीकडून होती, पुरवठा झाला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि आजच्या वादांत ती हटकून विसरली जाते. एखादं विडंबन मगवर येतं तेव्हा त्यातला धोका बहुधा संपलेला असतो. पत्रा कोरायला, भट्टी लावायला पैसा लागतो. शेकडो गिऱ्हाइकं ते उघडपणे टेबलावर ठेवतील, पाहुण्याला त्यातून बिअर देतील, याची खात्री असल्याखेरीज कोणी तो पैसा घालत नाही. म्हणून असे मग पाहून त्या काळी लोक कशावर निर्धास्त हसत होते ते कळतं. कशावर हसायला घाबरत होते, ते कळायला मगवर काय नाही ते पाहावं लागतं.

मगवर थॉमस पेन या इंग्रज लेखकाचं ‘द एज ऑफ रीझन’ नाही. बायबल हा देवाचा शब्द नव्हे, असं साध्या भाषेत सांगणारं हे पुस्तक १७९४ पासून प्रसिद्ध होऊ लागलं. ते विकल्याबद्दल लंडनचा प्रकाशक थॉमस विल्यम्स १७९७ साली दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. १८१२ साली डॅनियल आयझॅक ईटनला त्याच लेखकाच्या त्याच विषयावरच्या लेखनासाठी तुरुंगवास आणि वर खोड्यात उभं राहण्याची शिक्षा झाली. (खोड्यातल्या माणसावर सडकी अंडी फेकण्याची रीत होती, ईटनला पाहून गर्दीने टाळ्या वाजवल्या.) १८१९ साली प्रकाशक रिचर्ड कार्लाइलला अशाच गुन्ह्यासाठी तीन वर्षं कैद आणि पंधराशे पौंड दंड. दंड भरता न आल्याने तो डॉर्चेस्टरच्या तुरुंगात सहा वर्षं राहिला. त्याच्या गैरहजेरीत पुस्तकांचं दुकान चालवणारी बायको आत गेली, मग बहीण, मग दुकानातली पोरं एकामागून एक.

पाद्र्याच्या हावेला हसणारे मग बाजारात मोकळेपणी विकले जात होते, त्याच वर्षांतल्या या शिक्षा आहेत. पेन स्वतः मगवर आला तो खलनायक म्हणून. त्याला दूषणं देणाऱ्या ओळी छापलेले मग आणि जग १७९० च्या दशकात निघाले, राजनिष्ठ लोकांनी ते हौसेने घेतले आणि त्यांतून राजाच्या नावाने बिअर प्यायली.

सरकारच्या दृष्टीने फरक कुठे होता? पाद्री डुक्कर मागतो, यावर जमीनदारही हसत होता, कारण दशांश त्याच्या कुळांनाही टोचत होता आणि पर्यायाने त्याच्या खंडाला. पण पाद्री ज्या ग्रंथाच्या आधारावर उभा आहे त्या ग्रंथालाच हात घातला, आणि तोही दोन-चार पेन्सच्या पुस्तिकेत, मजुराला वाचता येईल अशा भाषेत, की मग राजा, न्यायाधीश, जमीनदार सगळ्यांच्या पायाखालची वाळू सरकायची. महागड्या, जाडजूड ग्रंथांत तीच शंका विद्वान मांडत होते. त्यांच्या वाटेला फारसं कोणी गेलं नाही. अशा खटल्यांत पुस्तकाची किंमतही जणू पुरावा असे.

विल्यम होन या लंडनच्या लेखक-प्रकाशकाने या भेदाची जाहीर फजिती केली, म्हणून तो लक्षात राहतो. १८१७ साली त्याने प्रार्थनापुस्तकाच्या धाटणीत सरकारची टिंगल करणाऱ्या पुस्तिका काढल्या. टिंगल मंत्र्यांची, साचा धर्माचा. मंत्र्यांनी स्वतःच्या अपमानाचा खटला भरला असता तर तेच हास्यास्पद ठरले असते, म्हणून आरोप ठेवला ईश्वरनिंदेचा. १८, १९ आणि २० डिसेंबर असे लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालले. वकील करण्याइतके पैसे नसलेल्या होनने स्वतःच बाजू मांडली. त्याची पद्धत अफलातून होती. धर्मग्रंथांच्या धाटणीत आजवर कोणी कोणी विडंबनं लिहिली, ती तो कोर्टात एकेक करून वाचत गेला. त्यांत धर्मोपदेशकांची होती, सरकारी गोटातल्या लेखकांचीही होती. प्रेक्षक खो खो हसत होते, न्यायाधीश दटावत होते. ज्युरीने तिन्ही वेळा निर्दोष ठरवलं. होनचा युक्तिवाद साधा होता: हे चालतं तर माझंच का चालत नाही? याचं उत्तर सरकारी पक्षाला तीन दिवसांत सापडलं नाही.

मगवर येईपर्यंत विडंबन थंड झालेलं असतं, याचं इंग्लंडबाहेरचं जुनं उदाहरण जर्मनीतलं आहे. १५४८ साली सम्राट पाचव्या चार्ल्सने प्रोटेस्टंटांवर ‘इंटेरिम’ नावाचं तडजोडीचं फर्मान लादलं. माग्देबुर्ग शहराने ते धुडकावलं आणि वेढा सोसला. त्या धामधुमीत विरोधकांनी छापील चित्रं आणि पदकं काढली: तीन डोक्यांचा राक्षस, एक डोकं पोपचं, एक तुर्काचं, एक देवदूताच्या सोंगातलं, आणि त्याला हाकलणारा येशू. हेच चित्र पुढे ऱ्हाइनलँडमधल्या सीगबुर्गच्या स्टोनवेअरच्या उंच मगांवर उठावात आलं. सीगबुर्ग हे बेनेडिक्टाइन मठाच्या सत्तेखालचं गाव! पण १५५५ च्या ऑग्सबुर्ग तहाने ते फर्मान मागे पडलं होतं; त्या राक्षसाला पाहत बिअर पिण्यात फारसा धोका उरला नव्हता. जीव धोक्यात घातला होता तो कागद छापणाऱ्यांनी.

सगळंच धार्मिक विडंबन दशांशाच्या डुकराइतकं गोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. इंग्लंडमध्ये ‘पोपशाही नको’ ही घोषणा छापलेली चिनीमातीची भांडीही निघाली. त्या काळी कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हतं. तो हक्क त्यांना १८२९ साली मिळाला. जून १७८० मध्ये हीच घोषणा देत लंडनमध्ये जमाव उसळला, कॅथलिकांची प्रार्थनास्थळं आणि घरं जाळली, आणि गॉर्डन दंगल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आठवड्यात शेकडो माणसं मेली. दशांशाच्या मगवर शेतकरीण आपल्या डोक्यावर बसलेल्या माणसाला हसते. ‘पोपशाही नको’च्या किटलीतून बहुसंख्य समाज आधीच दाराबाहेर ठेवलेल्या शेजाऱ्याला हसतो. दोन्ही वस्तू आज एकाच कपाटात, एकाच दिव्याखाली ठेवता येतात. पण दोन्हींना ‘निर्भीड व्यंग’ हे एकच लेबल लावणं म्हणजे इतिहासाची खोटी नोंद करणं.

दशांशाच्या विनोदातही एक आंधळा कोपरा आहे. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढल्यावर कित्येक गावांचा दशांश जमीनदार आणि सरदारांच्या खिशात गेला. तिथला गावपाद्री तुटपुंज्या पगारावर गुजराण करी. त्या जमीनदाराचं चित्र मगवर नसतं. लोकांनी दारात येणाऱ्या माणसाची खिल्ली उडवली, घरी बसून हिस्सा खाणाऱ्याची नाही. विडंबनाला चेहरा लागतो आणि व्यवस्थेला तो नसतो, ही अडचण आजच्या व्यंगचित्रकारालाही ठाऊक आहे.

पुढे काय झालं? आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्याला प्रोटेस्टंट चर्चचा दशांश भरावा लागे. तिथे १८३० च्या दशकात रक्त सांडलं. इंग्लंड-वेल्समध्ये १८३६ च्या कायद्याने पिलं, अंडी, पेंढ्या जाऊन रोख आकारणी आली. वेल्समध्ये ती आकारणीही १८८० च्या दशकात दंगलींना कारण झाली आणि लिलावाला आलेल्या अधिकाऱ्यांना गावकऱ्यांनी पळवून लावलं. मगवरच्या पिलाने यात काय साधलं, हे मोजता येणार नाही. आधीची ऐंशी वर्षं लोकांना ही वसुली हास्यास्पद वाटायची सवय लागली होती, एवढं खरं.

या कहाणीचा एक धागा थेट पुण्यात येतो. १८४७ साली जोतीराव फुल्यांनी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. इंग्लंडातल्या राजनिष्ठांनी मगवर ज्याला शिव्या दिल्या, त्याच माणसाचं पुस्तक अर्ध्या शतकानंतर पुण्यातल्या विशीच्या तरुणाच्या हाती पडलं. १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात एक शेतकरी आहे, त्याची गरोदर बायको आहे, आणि ग्रहांची भीती घालून दान नि ब्राह्मणभोजन उकळणारा जोशी आहे. जोडपं त्यापायी कर्जात बुडतं. अधूनमधून विदूषक येऊन प्रेक्षकांना या लुटीचा अर्थ सांगतो. धर्माचा हिशेब करायला आलेला माणूस, शेतकरी आणि त्याची लेकुरवाळी होणारी बायको: बुआतारच्या चित्रातली तीन माणसंच जणू. एक फरक मोठा मजेदार आहे. इंग्रजी मगवर जो पाद्री हावरट, तोच ‘तृतीय रत्न’मध्ये शेतकऱ्याचे डोळे उघडणारा भला माणूस म्हणून येतो. यात विसंगती नाही. पुण्याच्या शेतकऱ्याकडे पाद्री दशांश मागायला आलेला नव्हता. विडंबनाचं बोट वसूल करणाऱ्याकडे जातं, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत जोशाने न बोलावता दक्षिणेवर हक्क सांगण्याची प्रथा मोडणारा कायदा १९२६ साली झाला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९२७ साली, धार्मिक भावना दुखावण्याविषयीचं कलम २९५ अ दंडसंहितेत आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ व्या कलमात आहे. त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान, अशी अट स्पष्ट लिहिलेली आहे. तक्रार देणारे आणि ती घाईघाईने नोंदवून घेणारे, दोघेही ही अट वाचल्यासारखे वागत नाहीत. धर्माच्या नावावर चाललेल्या कमाईची टिंगल आणि एखाद्या समाजाच्या श्रद्धेची हेटाळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक बर्स्लेमचा अडाणी गिऱ्हाईकही ओळखत होता. शिकल्यासवरल्या समाजाला तो ओळखता येऊ नये, याला सबब नाही. खुद्द इंग्लंड आणि वेल्समध्ये ईश्वरनिंदेचा गुन्हा २००८ साली रद्द झाला.

राहिला आजचा मग. आता तांब्याचा पत्रा लागत नाही. गावोगावचे फोटो स्टुडिओ खास कागदावर छापलेलं चित्र तापलेल्या यंत्रात दाबून काही मिनिटांत मगवर उतरवतात, वाढदिवसाच्या फोटोसाठी जसं, तसंच सोळाव्या शतकातल्या चित्रासाठी. जर्मन चित्रकार एर्हार्ड शोनच्या चित्रातलं, सैतान वाजवत असलेलं बॅगपाइप, ज्याची पिशवी म्हणजे एका संन्याशाचं डोकं आहे, असंच मगवर येतं. ते चित्र ल्यूथरवर आहे की सरसकट मठवासीयांवर, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. मगवर यातलं काहीच नसतं. चित्र कापून घेतलेलं, ओळी गाळलेल्या, साल नाही, कोण कोणाला हसतंय त्याचा पत्ता नाही. उरते ती ‘धर्माची उडवली’ एवढीच मोघम मजा. संग्रहालयांनी आणि विक्रेत्यांनी मगच्या तळाशी दोन ओळी छापाव्यात: कोणी, कधी, कोणावर. तळाची जागा रिकामीच असते.

ब्रायटनला जाणाऱ्या मराठी माणसाने समुद्रकिनाऱ्यासोबत तिथलं संग्रहालयही पाहावं. हेन्री विलेट नावाच्या संग्राहकाने, देशाचा इतिहास घरगुती भांड्यांवर वाचता येतो या श्रद्धेने, जन्मभर असे मग, जग, मूर्ती गोळा केल्या आणि १९०३ साली शहराला देऊन टाकल्या. दशांशाची वसुली कशी हास्यास्पद ठरली, ते तिथे कपाटांत मांडलेलं आहे. ‘तृतीय रत्न’ला मात्र ग्रंथांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारलं, आणि ते पहिल्यांदा छापून आलं ते १९७९ साली, जोतीरावांच्या मृत्यूनंतर ८९ वर्षांनी.